मोटार बंद पडली तर आपण काय करतो? फोन आणि कॉम्प्युटरचा दोष शोधायची तीच रीत

विहिरीवरची मोटार पाणी उचलेना झाली, तर तासगावकडचा द्राक्षबागायतदार ती लगेच काढून वायंडिंगवाल्याकडे नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटार फिरतेय पण पाणी येत नाही, म्हणजे फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) धरत नाही, असं ओळखून पाइपात पाणी ओतून बघतो. प्रत्येक पायरीला दोषाची एक जागा बाद होते आणि शेवटी खरी जागा सापडते. हाच माणूस सांगलीत गावभागातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात येतो, फोन काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ताई, बंद पडलंय बघा. आम्हाला ह्यातलं काय कळत नाही."

कळतं. ज्याला फुटव्हॉल्व्हचा दोष पाण्याच्या आवाजावरून ओळखता येतो, त्याला फोनचा दोषही शोधता येतो. फक्त कुठली पायरी कुठे असते ते कुणी सांगितलेलं नसतं. पत्रिका, अर्ज, अहवाल टाइप करता करता लोकांचे अडलेले फोन आणि कॉम्प्युटर मी बरीच वर्षं बघते आहे. त्यातले निम्म्याहून जास्त पाना न लावता, पैसे न देता चालू होतात. ते कसे, ते इथे लिहिते.

आधी वाचा, मग हात लावा

"एरर येतोय," असं लोक सांगतात. कुठला एरर, ते मात्र आठवत नाही, कारण स्क्रीनवर चौकोन आला की बोट आपोआप 'ओके'वर जातं. ही सवय मोडा. आलेलं वाक्य वाचा, इंग्रजी समजत नसेल तर दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढा. 'स्टोरेज फुल' आलं तर जागा संपली. 'नो इंटरनेट' आलं तर नेटपर्यंत पोहोचता येत नाही. आणि 'सर्व्हर'चं नाव घेऊन काही आलं, तर बहुतेक वेळा दोष तुमच्याकडे नसतोच. शिष्यवृत्तीच्या किंवा भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी वेबसाइटवर एवढी गर्दी होते की ती उत्तरच देत नाही. अशा वेळी अ‍ॅप काढून परत टाकणं, फोनच्या सेटिंग बदलणं ह्यात नुसता वेळ जातो आणि भरलेली माहितीही पुसली जाते. पहाटे किंवा रात्री उशिरा परत प्रयत्न करा.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: शेवटचं नीट चाललं तेव्हापासून काय बदललं? नवा चार्जर आला, अपडेट झालं, मुलाने गेम टाकला, पावसात फोन खिशात होता, रात्री लाइट दोनदा गेली. उत्तर बहुधा ह्यातच असतं.

आणि तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एका वेळी एकच गोष्ट बदला. नेट चालेना म्हणून राउटर बंद केला, फोन रीसेट केला, सिम काढून घातलं, सगळं एका दमात केलं आणि नेट आलं, तर कशाने आलं ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात तोच त्रास झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक बदल करा, बघा, फरक नसेल तर तो जागेवर आणा आणि मग पुढचा करा.

बंद करून चालू करणं, पण नीट

हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, तरी तो अर्धाच केला जातो. फोनची स्क्रीन काळी करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. पॉवरचं बटण धरून 'रीस्टार्ट' निवडायचं. फोन पूर्ण अडकला असेल, स्क्रीन दाबली तरी हलत नसेल, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की तो स्वतः बंद होऊन उठतो. फोटो, नंबर कशालाही धक्का लागत नाही.

विंडोजवाल्या कॉम्प्युटरचं मात्र वेगळं आहे. तिथे 'शट डाऊन' आणि 'रीस्टार्ट' एकच नाहीत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाऊन करताना विंडोजचा गाभा पुसला जात नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. कॉम्प्युटर लवकर चालू होतो हे खरं, पण काल अडकलेली गोष्टही आज तशीच परत येते. "रोज रात्री बंद करतो तरी महिनाभर तोच त्रास," असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारते. 'रीस्टार्ट' दाबलं की सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं तरी चालतं. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर जा. तिथे 'अप टाइम', म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते लिहिलेलं असतं. रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरचाही अप टाइम कधीकधी वीस-वीस दिवसांचा दिसतो.

चार्जिंग होत नाही

इथे अदलाबदल कामाला येते. तुमची केबल दुसऱ्याच्या फोनला लावा. तो चार्ज झाला, तर केबल आणि चार्जर सुटले, दोष तुमच्या फोनकडे. नाही झाला, तर चार्जर तोच ठेवून फक्त केबल बदला. बहुतेक वेळा केबलच गेलेली असते, टोकाशी वाकून वाकून आतली तार तुटते.

फोनकडे दोष आहे असं दिसलं तर टॉर्च लावून चार्जिंगच्या खाचेत बघा. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांत दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये हळदीचा भुगा आणि खिशातला धागा मिळून तळाशी घट्ट थर बसलेला असतो. केबल पूर्ण आत जात नाही, हलवली की चार्जिंग तुटतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या आणि तळाचा थर कडेकडेने हलक्या हाताने उचलून काढा. सुई, पिन, सेफ्टीपिन नको. आत धातूचे बारीक संपर्क असतात, ते वाकले की तो भागच बदलावा लागतो. तोंडाने फुंकूही नका, फुंकरेबरोबर ओल जाते. कानाला लावल्यावर आवाज बारीक येतो, तेव्हाही हेच: वरच्या जाळीत मळ असतो, कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही. फोनची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेने उचललेली दिसली किंवा लॅपटॉपचं टचपॅड वर आलं, तर आतली बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. लिथियम बॅटरी फुटली की पेट घेऊ शकते. फोन मोकळ्या, थंड जागी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून, बॅटरी फुगली आहे असं सांगून मगच न्या.

पाणी गेलं

सांगलीत राहून हा भाग थोडक्यात लिहिता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी दुकानातले कॉम्प्युटर बाहेर काढले, फडक्याने पुसले, उन्हात ठेवले आणि दोन दिवसांनी चालू करून बघितले. तिथेच घात झाला. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यात गाळ, क्षार, सांडपाणी सगळं असतं. पाणी वाळतं, पण क्षारांचा थर सर्किटवर तसाच राहतो. त्यावरून वीज जाऊ नये तिथे जाते आणि धातू गंजत जातो. वाळलेला दिसतो म्हणून चालू करणं, ह्यानेच जास्त नुकसान होतं.

म्हणून फोन पाण्यात पडला, भिजला तर ह्या क्रमाने करा.

१. लगेच बंद करा. चालू आहे का ते बघत बसू नका. बंद असेल तर चालू करू नका.

२. कव्हर, सिमचा ट्रे, मेमरी कार्ड काढा. चार्जिंगची खाच खाली करून तळहातावर हलके आपटा, आतलं पाणी बाहेर येऊ द्या.

३. कोरड्या सुती कापडाने पुसून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. केस वाळवायचा ड्रायर, गॅस, कडक ऊन नको, उष्णतेने आतला गोंद आणि स्क्रीन दोन्ही खराब होतात.

४. किमान एक दिवस चार्जिंगला लावू नका. भिजलेल्या खाचेत वीज गेली की सगळ्यात आधी तिथले संपर्क जळतात.

तांदळाच्या डब्यात फोन ठेवायचा उपाय घराघरांत केला जातो. तो सोडा. उघड्या वाऱ्यापेक्षा तांदूळ लवकर ओल ओढत नाही, उलट त्याची पावडर आणि कण्या खाचेत जाऊन बसतात. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलं.

फोन नळाच्या स्वच्छ पाण्यात पडला असेल तर बहुतेक वेळा एवढं पुरतं. पुराचं, गटाराचं, चहाचं किंवा शेततळ्याचं पाणी गेलं असेल तर तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. ते काम दुरुस्तीवाल्याचं. त्याला काय सांडलं ते खरं सांगा.

कॉम्प्युटरच्या बाबतीत मशीनपेक्षा हार्ड डिस्क मोलाची. हिशेब, फोटो, लोकांची कागदपत्रं तिच्यात असतात. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. भिजलेली डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून बघू नका. एकदा फिरली की आतली तबकडी खरवडली जाते आणि मग माहिती परत मिळणं कठीण. ती तशीच काढून, पुरात भिजलेली आहे असं सांगून, डेटा काढून देणाऱ्याकडे द्या.

आणि नदीकाठच्यांनी आधीच करायचं ते हे: कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि आयर्विनची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की, पाणी दारात येण्याची वाट बघू नका. कॉम्प्युटरच्या मागच्या केबलचा एक फोटो काढा, मग सगळं सोडवून कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्या. मॉनिटर राहिला तरी चालेल, कॅबिनेट न्या.

नेट चालत नाही

"नेट चालंना झालंय," ह्या एका वाक्यामागे निदान चार वेगळे दोष असतात. पहिली परीक्षा सोपी आहे: घरातल्या दुसऱ्या फोनवर त्याच वायफायने नेट चालतं का? चालत असेल तर लाइन आणि राउटर ठीक, दोष तुमच्या फोनचा. त्यात वायफायचं नाव 'फर्गेट' करून पासवर्ड परत टाका. दोन्ही फोनवर चालत नसेल तर राउटरकडे वळा.

फायबरच्या पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल लागला असेल, तर तुमच्या घरापर्यंत प्रकाशाचा सिग्नलच येत नाही, केबल कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू केला तरी काही होणार नाही. सरळ तक्रार नोंदवा आणि 'एलओएस लाल आहे' हेच शब्द सांगा, म्हणजे समोरचा तुम्हाला पंधरा मिनिटं निरर्थक पायऱ्या करायला लावणार नाही. लाल दिवा नसेल तर पेटीची पिन काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा, तीन-चार मिनिटं धीर धरा.

नेट आहे पण मागच्या खोलीत येत नाही, ही गावभागातल्या जुन्या वाड्यांची तक्रार. दीड-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही, त्यात राउटर कपाटात किंवा लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला असतो. तो उंच, मोकळ्या जागी, घराच्या मध्याकडे आणा. हल्लीचे राउटर बहुधा दोन नावं दाखवतात. ५ गिगाहर्ट्झवालं जवळ वेगवान चालतं, पण भिंत ओलांडताना लवकर दमतं, २.४ वालं हळू, पण लांब जातं. मागच्या खोलीत २.४ ला जोडा.

मोबाइलच्या नेटचं: एअरप्लेन मोड दहा-पंधरा सेकंद चालू ठेवून बंद करा, फोन टॉवर नव्याने शोधतो. रिचार्ज संपला नाही ना, रोजचा डेटा संपला नाही ना, हे त्याआधी बघा.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप शेतात अडलं की सगळे रेंजला बोल लावतात. खूपदा अडतं ते लोकेशन. जीपीएसला नेट लागत नाही, त्याला उघडं आकाश लागतं. झाडाखालून, उंच उसातून बाहेर येऊन बांधावर दोन-तीन मिनिटं उभे राहा, अ‍ॅपला लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी दिलेली आहे का ते सेटिंगमध्ये तपासा, मग परत करा.

फोन भरला, फोन मंद झाला

जागा संपली की फोन नुसता फोटो काढणं थांबवत नाही, तो सगळाच जड होतो. अपडेट अडतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो उघडत नाहीत. लोक घाईघाईने घरचे फोटो पुसतात, आणि खरा कचरा दुसरीकडे असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच सापडतात. ते पुसा, मग त्याच जागी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीच वेळ.

'जीमेल भरलं' ही तक्रार वेगळी. गुगल फुकट १५ जीबी देतं आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा असतो. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात. म्हणून नुसते मेल पुसून फारशी जागा होत नाही, फोटोंमधले मोठे व्हिडिओ बघा. ते पुसताना एक लक्षात ठेवा. बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमध्ये पुसला की तो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही जातो. फोनमधली जागा तेवढी मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा.

जागा आहे तरी फोन मंद आहे, मधेच जाहिराती येतात, बॅटरी भराभर उतरते, तर एखादं अ‍ॅप खोडसाळ असावं. पॉवरचं बटण धरा आणि स्क्रीनवरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवा, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 'सेफ मोड' विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली सगळी अ‍ॅप तात्पुरती झोपतात. फोन तिथे नीट चालला, तर दोष नंतर टाकलेल्या अ‍ॅपचा. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत मागे जा.

"तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस आहेत" असा निरोप बहुतेक वेळा क्रोमच्या नोटिफिकेशनमधून येतो. कुठल्यातरी साइटला कधीतरी 'अलाऊ' दाबलेलं असतं. त्या निरोपावर दाबू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन अनोळखी साइटची परवानगी काढा.

कॉम्प्युटर

चालूच होत नाही, आवाज येतो पण स्क्रीन काळी: मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट लावा. तरी काळी असेल तर वीज काढून कॅबिनेट उघडा, रॅमची (तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढा, तिची सोनेरी बाजू स्वच्छ खोडरबराने पुसा, कचरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. शाळेच्या सुटीनंतर बंद पडलेले बरेच कॉम्प्युटर एवढ्यावर उठतात. लॅपटॉप मेल्यासारखा असेल तर अ‍ॅडॅप्टर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग अ‍ॅडॅप्टर लावून चालू करा.

कॉम्प्युटर चालू होतो, नेट जोडलेलं आहे, पण एकही साइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. तेव्हा खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची असेल तर रोग तिथे आहे. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरला चुकीचं वर्ष वाटत असेल तर त्याला सगळीच प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तारीख सुधारा. रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरची बटणासारखी, ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. घड्याळवाल्याकडेही ती मिळते.

मंद कॉम्प्युटरसाठी टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिस्क'चा आकडा बघा. काही न करता तो सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर रॅम वाढवून फारसा फायदा नाही. ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. नवीन कॉम्प्युटर घ्यायच्या आधी मी प्रत्येकाला हेच सांगते. मात्र विंडोज १० वाल्यांनी लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तो कॉम्प्युटर चालत राहील, पण सुरक्षेचे नवे अपडेट आपोआप मिळणार नाहीत. बँकेचं काम करत असाल तर विंडोज ११ चालतं का ते तपासून घ्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? तो बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा दोष नसतो, बोर्डात अर्थिंगच नसते. आतल्या एसएमपीएसमधल्या (वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर थोडं व्होल्टेज येतंच, ते जमिनीत उतरायला वाट लागते. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. तीन पिनांची पिन दोनाच्या अडॅप्टरमध्ये घालून चालवू नका.

मराठी अक्षरं बिघडली

हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं सावकाश सांगते. बिघाड तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

फाइल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली आहे. त्या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसेल तर मूळ इंग्रजी उघडं पडतं. मजकूर शाबूत आहे. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा, किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, करून घ्या. त्यानंतर मजकूर शब्दाशब्दाने वाचा, रफार, वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. सरकारी अर्जात नावातला रफार सरकला तर पुढे वर्षभर हेलपाटे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नाही. मजकूर निवडून फॉन्ट बदला, काम झालं.

पण प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर वाईट बातमी. फाइल साठवताना 'एएनएसआय' (मराठी न सामावणारी जुनी पद्धत) निवडलं गेलं आणि मराठी अक्षरं कायमची गेली. ती परत येत नाहीत, मूळ प्रत शोधा. नोटपॅडमध्ये साठवताना 'यूटीएफ-८' बघूनच साठवा. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल उघडल्यावर चित्रविचित्र खुणा दिसत असतील तर ती दोनदा क्लिक करून उघडू नका. 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट'ने आणा आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा, मराठी जशीच्या तशी येते.

टाइप करायला विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. विंडोजची कळ आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी स्पेलिंगने लिहायची सवय असलेल्यांना 'मराठी फोनेटिक' सोयीचा. रोज लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक शिका, महिन्याभरात हात बसतो. 'वाऱ्यावर'मधला ऱ्या कसा काढायचा, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग 'य'ची कळ आणि शेवटी काना. आपल्या भाषेत 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांत फरक आहे, तो कळफलकावर जमलाच पाहिजे.

प्रिंट येत नाही

आधी कागद आणि वायर. मग प्रिंटरच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर खूण आहे का ते बघा, असेल तर काढा. रांगेत जुनं काम अडकून पुढचं सगळं थांबलं असेल तर ते 'कॅन्सल' करा. तेही जात नसेल तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' शोधून राइट क्लिक, 'रीस्टार्ट'. त्याच कामाची प्रिंट पाच वेळा दाबू नका, सुरळीत झाल्यावर पाचही येतात.

मदतीचा नंबर शोधताना

दोष शोधता शोधता लोक ज्या खड्ड्यात पडतात, तो हा. काहीतरी अडलं की गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात आणि वर दिसेल त्याला फोन लावतात. तो नंबर चोराने टाकलेला असू शकतो. तो गोड बोलतो, "एक छोटं अ‍ॅप टाका, मी इथून बघतो" म्हणतो आणि स्क्रीन त्याच्या हातात जाते. ओटीपी, पिन त्याला दिसतात. नंबर नेहमी कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून, बिलावरून किंवा खोक्यावरून घ्या. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे असतो. कुणीही सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकू नका.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. फोन हरवला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून 'संचार साथी'च्या संकेतस्थळावर तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय (फोनचा ओळख) नंबर लागतो, म्हणून आत्ताच *#०६# डायल करून तो वहीत उतरवा. फोन हरवल्यावर तो डायल करून बघता येत नाही.

दुकानात देताना

एवढं करूनही दोष सापडला नाही, बॅटरी फुगलेली आहे, पुराचं पाणी गेलंय किंवा डिस्कमधून खरखर येतेय, तर थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. पण जाण्याआधी चालत असेल तर फोटो आणि नंबरांचा बॅकअप घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. स्क्रीनचा पासवर्ड मागितला तर बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप आधी लॉगआउट करा. आणि एका चिठ्ठीवर लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं, आणि तुम्ही काय काय करून बघितलं. "केबल बदलून बघितली, खाच साफ केली, दुसऱ्या चार्जरवरही होत नाही," एवढं लिहिलेलं असलं की दुरुस्तीवाला ह्या पायऱ्या पुन्हा करत बसणार नाही, सरळ आतला चार्जिंगचा भाग तपासेल. बिलावर कुठला भाग बदलला ते लिहून मागा, आणि काढलेला जुना भाग परत घ्या.